साडेचौदा किलोत १५० मिलिमीटर: सह्याद्रीसाठी लाँग-ट्रॅव्हल माउंटन बाइक बांधताना

कॅनडातल्या व्हिस्लरला सायकल लिफ्टला अडकवून डोंगरमाथ्यावर नेता येते. तिथे बाइक सतरा किलोची असली तरी फारसं बिघडत नाही. आपल्या सह्याद्रीत तशी सोय नाही. जेवढं उतरायचं, तेवढं आधी पॅडल मारत चढायचं, आणि जिथे पॅडल चालत नाही तिथे बाइक खांद्यावर घ्यायची. पण उतार मात्र सौम्य नाहीत. बसाल्टचे धारदार दगड, मुरमाचा घसारा आणि अचानक येणारे कातळाचे टप्पे यांवर १०० मिमी ट्रॅव्हलची, म्हणजे सस्पेन्शन तेवढंच दबणारी, क्रॉस-कंट्री बाइक माणसाला धड उतरू देत नाही. म्हणून इथे जोरकस ट्रेल रायडिंग करणाऱ्याला मागे १४५ ते १५० आणि पुढे १६० मिमी ट्रॅव्हल हवा, आणि तोही खांद्यावर पेलवेल अशा वजनात.

दुकानात उभी असलेली तयार बाइक बहुधा या दोनपैकी एकच गोष्ट देते. त्यामुळे सुटे भाग निवडून बाइक बांधणं हा मार्ग उरतो. तो खर्चिक आहे, पण नीट केला तर अशी बाइक वर्षानुवर्षं साथ देते. माझं म्हणणं एवढंच, की वजन कुठे वाचवायचं याची यादी करण्याआधी ते कुठे अजिबात वाचवायचं नाही याची यादी करा. टायर, ब्रेक आणि फोर्कची (पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांची) जाडी या तिघांना हात लावायचा नाही. बाकी सगळं तराजूवर ठेवायला मोकळं.

हलकेपणाने नेमकं काय मिळतं

याबद्दल बरेच गैरसमज आहेत. समजा तुम्ही सामानासकट ७५ किलो आणि बाइक १५ किलो, म्हणजे एकूण ९० किलो. बाइक एक किलोने हलकी केली तर एकूण वजन साधारण १.१ टक्क्याने घटतं. तासाभराच्या सलग चढावर त्याचा फायदा सुमारे ४० सेकंदांचा. एवढ्यासाठी लाखभर रुपये घालणं मला पटत नाही.

खरा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. बाइक उचलून दगडावरून पलीकडे टाकणं, वळणावर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झुकवणं, थांबून पुन्हा वेग पकडणं या हालचाली एका राइडमध्ये शेकडो वेळा होतात आणि तिथे दंड-खांदे दमतात. दुसरा फायदा सस्पेन्शनचा. चाक, टायर, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच), रोटर (ब्रेकची चकती) हे भाग स्प्रिंगच्या खाली, जमिनीच्या बाजूला असतात. ते जितके जड, तितकं चाक दगडावरून उडाल्यावर जमिनीवर परतायला उशीर. म्हणून मागच्या ॲक्सलवरचे १५० ग्रॅम सीटखालच्या १५० ग्रॅमपेक्षा मोलाचे. रिम आणि टायरचं वजन तर वेग घेताना जवळपास दुप्पट भासतं, कारण त्याला पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. एकसारख्या गतीच्या चढावर मात्र ग्रॅम म्हणजे ग्रॅमच, मग तो कुठेही असो.

फ्रेम

फ्रेम ठरली की निम्मे निर्णय आपोआप ठरतात. या वर्गातल्या फ्रेमा ओळखायच्या तर आयबिस रिपमोची दुसरी आवृत्ती घ्या: मागे १४७, पुढे १६० मिमी, हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी कोन) ६४.९ अंश, सीट ट्यूबचा कोन ७६ अंश आणि लार्ज मापात रीच (पॅडलच्या अक्षापासून हँडलच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर) ४७५ मिमी. ट्रान्झिशन सेंटिनेल आणि स्पेशलाइज्ड स्टंपजंपर इव्हो यांच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये मागे १५० आणि पुढे १६० आहे. यातलीच घ्या असं नाही, पण जी घ्याल तिचे आकडे याच परिसरात असावेत. हेड अँगल ६४ ते ६५ असला की उभ्या उतारावर पुढचं चाक हातातून निसटत नाही. सीट ट्यूब ७६ अंशांपेक्षा उभी असली की चढावर तुम्ही मागे कलंडत नाही आणि पुढचं चाक हवेत उठत नाही. आपल्याकडच्या तीव्र चढांवर हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, तरी खरेदी करताना त्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं.

कार्बन की ॲल्युमिनियम? शॉक (मागचं सस्पेन्शन) सोडून कार्बन फ्रेम साधारण २.७ किलोची, तर त्याच आकाराची ॲल्युमिनियम फ्रेम ३.६ किलोच्या पुढे. म्हणजे जवळपास ९०० ग्रॅमचा फरक, आणि संपूर्ण बाइकमध्ये एका फटक्यात एवढी बचत दुसरीकडे कुठेच होत नाही. खिशाला परवडत असेल तर कार्बनचे पैसे इथे घाला. फक्त डाउन ट्यूबच्या, म्हणजे खालच्या तिरप्या नळीच्या, खाली जाड रबरी कवच असलेली फ्रेम पाहा, आणि पहिल्या दिवशीच बाकी नळ्यांना पारदर्शक संरक्षक फिल्म लावा. पुढच्या चाकाने उडवलेला दगड थेट डाउन ट्यूबवरच आपटतो.

पैसे देण्याआधी काही मापं कागदावर उतरवून घ्या: मागचा हब १४८ × १२ मिमी बूस्ट, पुढचा ११० × १५ मिमी, बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या अक्षाचे बेअरिंग) ७३ मिमी आट्यांचा की दाबून बसवायचा प्रेस-फिट, शॉक किती लांबीचा आणि किती स्ट्रोकचा, सीटपोस्टचा व्यास, आणि डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर लटकतो तो तुकडा) कोणता. आट्यांचा बॉटम ब्रॅकेट असलेली फ्रेम घ्यावी असा माझा आग्रह आहे. पावसाळ्यानंतर बेअरिंग बदलायची वेळ येतेच, आणि तेव्हा प्रेस-फिटचं खास हत्यार गावोगाव मिळत नाही. हँगर युनिव्हर्सल प्रकारचा, म्हणजे यूडीएच असेल तर उत्तम. स्रॅमने २०१९ मध्ये आणलेलं हे माप आता बहुतेक कंपन्यांनी स्वीकारलं आहे, त्यामुळे सुटा हँगर सहज मिळतो. एक हँगर कायम बॅगेत ठेवा.

फोर्क आणि शॉक

१६० मिमीसाठी दोन वर्गांचे फोर्क मिळतात. ३५-३६ मिमी जाड नळ्यांचे, म्हणजे रॉकशॉक्स लिरिक आणि फॉक्स ३६, दोन किलोच्या आसपास. आणि ३८ मिमीचे, म्हणजे झेब आणि फॉक्स ३८, त्याहून अडीचशे-तीनशे ग्रॅम जड. तुमचं वजन ८५ किलोच्या आत असेल तर पहिला वर्ग पुरतो. त्याहून जास्त असेल, किंवा उभ्या कातळावर पुढचा ब्रेक दाबून उतरायची सवय असेल, तर ३८ घ्या आणि त्या ग्रॅमांचं वाईट वाटून घेऊ नका. मात्र उलट दिशेने जाऊ नका. पाइक किंवा फॉक्स ३४ दिसायला मोहक हलके असतात, पण ते १३०-१४० मिमीच्या बाइकसाठी आहेत. फ्रेम कंपनीने दिलेली कमाल मर्यादाही ओलांडू नका. फोर्क १० मिमीने लांब झाला की हेड अँगल जवळपास अर्ध्या अंशाने पडतो आणि बॉटम ब्रॅकेट वर जातो.

मागच्या शॉकबाबत माझं मत पक्कं आहे: हवेचा, पण जोडटाकी असलेला. साधा इनलाइन शॉक शंभर-दीडशे ग्रॅम वाचवतो, पण खडबडीत उतारावर सलग काम करताना आतलं तेल तापतं आणि डॅम्पिंग (उसळी आवरण्याची ताकद) ढिलं पडतं. जोडटाकीत तेल जास्त, म्हणून ते उशिरा तापतं. कॉइल शॉकची पकड अप्रतिम असते हे खरं, पण स्प्रिंगसकट तो चारशे-पाचशे ग्रॅम वाढवतो, आणि या बाइकचा उद्देश पाहता तो इथे बसत नाही.

चाकं आणि टायर

इथे घाई करू नका, कारण बाइकचा स्वभाव इथेच ठरतो.

टायरपासून सुरुवात करा, रिमपासून नव्हे. पुढे २.५ इंची मॅक्सिस असेगाई. दक्षिण आफ्रिकेचा डाउनहिल रेसर ग्रेग मिनार याच्या नावाने आलेला हा टायर सुट्या मुरमावरही कडेच्या दाण्यांवर विश्वास ठेवू देतो. केसिंग (टायरचं कापडी अंग) एक्सो-प्लस, रबर मऊ. मागे २.४ इंची मिनियन डीएचआर टू, पण डबलडाउन केसिंगमध्ये, आणि रबर मधल्या प्रतीचं, म्हणजे मॅक्सटेरा. मऊ रबर मागे लावलं तर ते चढावर ओढल्यासारखं वाटतं आणि लवकर झिजतं. पुढचा साधारण ११५० ग्रॅम, मागचा १२५०. वजन कमी करण्याच्या नादात लोक इथे ९०० ग्रॅमचे पातळ टायर घालतात. बसाल्टच्या कडेवर मागचं चाक आपटलं की अशा टायरची बाजू फाटते, आणि ती फाट सीलंटने (टायरमधल्या भोकं बुजवणाऱ्या द्रवाने) भरत नाही. घाटाच्या मध्यात बाइक ढकलत खाली येणाऱ्याला वाचवलेल्या तीनशे ग्रॅमांचा काही उपयोग नसतो.

रिमची आतली रुंदी ३० मिमी. २.४-२.५ इंची टायरला हेच माप योग्य. मागे ॲल्युमिनियमची, साधारण ५१० ग्रॅमची मजबूत रिम लावा. दगडावर आपटून तिला पोचा पडला तर पान्याने सरळ करून घरी येता येतं. कार्बन रिम तडकली तर तशी सोय नाही. पुढे ४५० ग्रॅमची हलकी रिम चालते, कारण पुढच्या चाकावर भार कमी येतो. स्पोक डबल-बटेड, मध्ये १.८ मिमीपर्यंत बारीक. ते साध्या स्पोकपेक्षा हलकेही असतात आणि थोडे लवचीक असल्याने उशिरा तुटतात. पुढे-मागे ३२-३२ स्पोक ठेवा. २८ स्पोकमध्ये फार तर पन्नास ग्रॅम वाचतात. हब असा निवडा की ज्याचे बेअरिंग साध्या मापाचे असतील आणि फ्रीहब (कॅसेट ज्यावर बसते तो भाग) हत्याराविना उघडता येईल. डीटी स्विस ३५० या बाबतीत वर्षानुवर्षं भरवशाचा ठरला आहे. दोन्ही चाकं मिळून १८०० ग्रॅमच्या आसपास बसतील.

चाक बांधणारा कारागीर चांगला शोधा. रिम सारखी फिरणं, म्हणजे आउट काढणं, हे अर्धंच काम. स्पोकचा ताण एकसारखा असणं हे उरलेलं अर्धं. मागच्या चाकाच्या कॅसेटकडच्या बाजूला ११० ते १२० किलोचा ताण असावा, आणि रिम कंपनीची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळावी. टेन्शन मीटर न वापरता केवळ बोटांनी दाबून सांगणारा कारागीर या बाइकसाठी नको.

ब्रेक आणि गिअर

चार पिस्टनचे ब्रेक. शिमानो एक्सटी किंवा एसएलएक्स, स्रॅम कोड, मगुरा एमटी५, यांपैकी ज्याचे पॅड तुमच्या शहरात मिळतात ते. पुढे २०० किंवा २०३ मिमीचा रोटर, मागे १८०. पावसाळ्यात चिखलात चालवणार असाल तर धातूमिश्रित सिंटर्ड पॅड घाला, ऑरगॅनिक पॅड ओल्या मातीत झपाट्याने संपतात. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, स्रॅम कोडला डॉट फ्लुइड. दोन्ही एकमेकांत कधीही मिसळू नका, सील फुगून ब्रेक निकामी होतो.

गिअरमध्ये पैसा कॅसेटवर घाला, बाकी ठिकाणी हात आखडता घ्या. स्रॅम एनएक्सची कॅसेट ६१५ ग्रॅमच्या आसपास, जीएक्सची ४५०. शिमानोत डिओरे ५९० च्या घरात, एक्सटी ४७०. मागच्या ॲक्सलवरून शंभर-दीडशे ग्रॅम इतक्या सहज कमी करणारा दुसरा भाग नाही. जीएक्सला एक्सडी फ्रीहब लागतो आणि शिमानो १२-स्पीडला मायक्रो स्प्लाइन, म्हणून हब मागवतानाच हे ठरलेलं हवं. शिमानोच्या १२-स्पीडमध्ये डिओरेचा शिफ्टर आणि एक्सटीची कॅसेट बिनबोभाट एकत्र चालतात. डिरेलरही मधल्या प्रतीचा चालतो, कारण दगडाला पहिला तोच लागतो.

क्रँक (पॅडलची दांडी) १६५ किंवा १७० मिमीचा घ्या. लाँग-ट्रॅव्हल बाइक सॅगमध्ये, म्हणजे तुमच्या वजनाने सस्पेन्शन दबून, खाली बसते आणि १७५ चा क्रँक चढावरच्या दगडांना ठोकरा खातो. पुढे ३० दातांची चेनरिंग, वर छोटासा चेन गाइड. ५० ग्रॅमचा हा गाइड काढून टाकायचा मोह टाळा.

हँडलबार, ड्रॉपर, सीट

ड्रॉपर पोस्ट, म्हणजे लिव्हर दाबून सीट खाली-वर करता येणारा सीटपोस्ट, जड असतो, लिव्हरसकट ६५० ग्रॅमपर्यंत, पण त्याशिवाय ही बाइक निरर्थक आहे. फ्रेममध्ये जितका लांब मावेल तितका घ्या. लार्ज फ्रेममध्ये २०० मिमी बहुधा बसतो. कार्बन हँडलबारने ९०-१०० ग्रॅम वाचतात आणि हाताला बसणारे बारीक हादरेही कमी होतात. फक्त पडल्यावर तो काढून नीट तपासायची शिस्त हवी. स्टेम ४० ते ५० मिमी. सीट वजनावरून निवडू नका, बुडावरून निवडा.

आता बेरीज करू. फ्रेम आणि शॉक ३१५०, फोर्क आणि हेडसेट २१५०, चाकं १८००, टायर-सीलंट-व्हॉल्व्ह-टेप २७००, ब्रेक आणि रोटर ९५०, गिअर-क्रँक-चेन १९००, ड्रॉपर ६५०, सीट-हँडलबार-स्टेम-ग्रिप ६७०, ॲक्सल आणि किरकोळ ६०, फ्लॅट पॅडल ३९०. एकूण १४ किलो ४२० ग्रॅम. ॲल्युमिनियम फ्रेम, साधी चाकं, डिओरे ग्रुपसेट आणि ॲल्युमिनियम बार घातला तर हीच बाइक सोळा किलोच्या जरा पुढे जाते. टायर, ब्रेक, फोर्क दोन्हीकडे तेच. प्रत्येक भाग आला की स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला, कारण छापील वजन आणि खरं वजन यांत फरक पडतोच.

जोडणी

टॉर्क रेंच नसेल तर काम सुरू करू नका. कार्बनच्या भागांवर अंदाज चालत नाही.

पहिलं काम फ्रेमच्या पिव्हट, म्हणजे हलत्या सांध्यांच्या, बोल्टचं. नवीन फ्रेम असली तरी प्रत्येक बोल्ट कंपनीने छापलेल्या आकड्यावर तपासा. मग केबल आणि ब्रेकची नळी आतून ओवून घ्या. ड्रॉपरची केबल बॉटम ब्रॅकेट बसवण्याआधीच जायला हवी, नाहीतर सगळं पुन्हा उघडावं लागतं. आत नळ्यांवर फोमचं आवरण चढवा, म्हणजे उतारावर खडखडाट होत नाही.

हेडसेट प्रेसने बसवा, हातोडीने नव्हे. स्टिअरर (फोर्कची वर येणारी नळी) कापण्याआधी स्टेमच्या वर १० मिमीचा स्पेसर राहील इतकी लांबी ठेवा. काही राइडनंतर उंची पक्की झाली की तेव्हा अंतिम काप घ्या. कापलेलं टोक सगळ्यात वरच्या स्पेसरच्या काठाखाली ३ मिमी असावं, तरच वरची टोपी हेडसेटला दाब देऊ शकते. आधी टोपीचा बोल्ट हलकेच आवळून हेडसेटमधली ढिलाई काढा, मगच स्टेमचे बाजूचे बोल्ट ५-६ न्यूटन-मीटरवर आवळा. कार्बन बारला स्टेमच्या जागी कार्बन पेस्ट लावा, ग्रीस नव्हे.

आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये चेनकडच्या बाजूचे आटे उलटे असतात. डाव्या पॅडलचेही उलटे. दोन्हीकडे ग्रीस लावून आधी हाताने काही फेरे घाला. हाताने जात नसेल तर थांबा, आटे तिरके पकडले आहेत. ब्रॅकेट ३५ ते ५० न्यूटन-मीटर, शिमानो क्रँकचे पकड बोल्ट १२ ते १४, स्रॅम डब क्रँकचा बोल्ट ५४, कॅसेट ४०.

चेनची लांबी मोजताना लाँग-ट्रॅव्हल बाइकवर एक जास्तीची पायरी लागते. शॉकमधली हवा सोडा आणि मागचं चाक पूर्ण वर दाबा. बऱ्याच फ्रेममध्ये या अवस्थेत क्रँक आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर वाढतं. या स्थितीत चेन डिरेलरमधून न नेता चेनरिंग आणि कॅसेटची सगळ्यात मोठी चकती यांवरून गुंडाळा आणि मग कंपनीच्या पत्रकाप्रमाणे कड्या वाढवा. उभ्या बाइकवर मोजलेली चेन पूर्ण दबावात तोकडी पडून डिरेलर उपटू शकते.

ब्रेकच्या नळ्या कापण्याआधी पुढचा ब्रेक कोणत्या हाताला हवा ते ठरवा. आपल्याकडे मोटरसायकलच्या सवयीने तो उजव्या हाताला असतो, पण बाहेरून आलेले ब्रेक बहुधा डाव्या हाताला लावलेले असतात. नळ्या कापून झाल्यावर ब्लीड करा, म्हणजे आतली हवा काढा. रोटर आणि पॅडला तेलाचा, ग्रीसचा थेंबही लागू देऊ नका.

ट्यूबलेससाठी रिम स्पिरिटने पुसून कोरडी करा. टेप आतल्या रुंदीपेक्षा किंचित रुंद, ताणून, फुगे न राहता लावा. टायर आधी सीलंटशिवाय चढवा, काठांना साबणाचं पाणी लावून हवा भरा, काठ फट्-फट् आवाजाने जागेवर बसले की हवा सोडून व्हॉल्व्हमधून १०० ते १२० मिली सीलंट घाला. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत आटतं, म्हणून मार्च ते मे दरम्यान दोनदा तपासा.

सेटअप

पाण्याची पिशवी, हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, सगळं घालून सॅग मोजा. २१० × ५५ मिमीचा शॉक असेल तर ३० टक्के सॅग म्हणजे रबरी रिंग १६.५ मिमी सरकायला हवी. पुढे १६० मिमीच्या फोर्कवर १५ ते २० टक्के, म्हणजे २४ ते ३२ मिमी. मग रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन परत येण्याचा वेग): फुटपाथच्या कडेवरून बसल्या बसल्या खाली उतरा. मागचा भाग एकदा खाली जाऊन, एकदा वर येऊन स्थिर व्हावा. दुसरी उसळी आली तर स्क्रू थोडा बंद करा. सॅग बरोबर असूनही शॉक वारंवार टोकाला आपटत असेल तर हवा वाढवू नका, आत टोकन (हवेची जागा कमी करणारा ठोकळा) घाला. हवा वाढवली की छोट्या दगडांवरची पकड जाते.

टायरचा दाब ७५ किलोच्या माणसासाठी पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयपासून सुरू करा. रिम दगडाला लागल्याचा ठणका ऐकू आला तर एकेक पीएसआय वाढवा. ब्रेक नवीन असताना सपाट रस्त्यावर मध्यम वेगातून वीसेक वेळा आणि जास्त वेगातून दहाएक वेळा वेग उतरवा, चाक पूर्ण थांबू न देता. त्याआधी घाट उतरू नका.

पहिल्या दोन-तीन राइडनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, विशेषतः पिव्हट, स्टेम आणि रोटरचे. स्पोकही या काळात बसतात आणि ताण ढिला होतो, तेव्हा चाकं कारागिराकडे परत न्या. फोर्कची लोअर-लेग सर्व्हिस आणि शॉकच्या हवेच्या नळकांड्याची सर्व्हिस दर ५० तासांनी करा. पावसाळ्यात प्रेशर वॉशर पिव्हटपासून लांब ठेवा. बादली, ब्रश आणि मगने धुवा, बाइक उलटी करून पाणी निथळू द्या, आणि सप्टेंबर संपला की मागची लिंकेज उघडून बेअरिंग बोटाने फिरवून पाहा. जे खरखरतं ते लगेच बदला.